धन्यवाद, बघतो

चहादाणींनी मला झापलं नाही, तेव्हा पहिल्यांदा मला काहीतरी बिनसल्यासारखं वाटलं.

चहादाणी हे त्यांचं ग्रुपवरचं नाव. लोपान नावाची कॉम्प्युटरची एक भाषा आहे, आमच्या तैवानातच जन्मलेली, आणि ती जगवणारी आम्ही चारपाचशे माणसं. पगार एका सचिवाखेरीज कुणालाच नाही. दर उन्हाळ्यात भाषेचं मंडळ कंपन्यांपुढे हात पसरून देणग्या गोळा करतं, मूठभर विद्यार्थी निवडतं, त्यांना भत्ता देतं, काम देतं आणि प्रत्येकाच्या डोक्यावर एक मुरलेलं माणूस बसवतं. मार्गदर्शक. उन्हाळा निम्मा सरला की त्या मार्गदर्शकानं एक शब्द लिहायचा : पास किंवा नापास. पास झालं तर पुढचा भत्ता. नापास झालं तर गाशा गुंडाळायचा.

माझ्या डोक्यावर चहादाणी बसले होते. निवडीच्या वेळी बाकीच्यांनी मला विचारलं होतं, कुठलं विद्यापीठ? मी म्हटलं, शिन्चूची रात्रपाळीची शाखा, आणि सकाळी न्याहारीच्या दुकानात अंड्याची धिरडी उलटते. सगळे एकदम नम्र झाले. नम्र झाले की समजायचं, आपलं नाव खोडलं गेलं. तेवढ्यात चहादाणींनी लिहिलं, "हिला मला द्या. गरम तव्यावर काम करणारी मुलगी कंटाळून पळणार नाही."

तेव्हापासून रोज मी माझं काम सगळ्यांसमोर मांडायचे आणि रोज दुपारच्या आत ते माझी सालटं काढायचे. तेही सगळ्यांसमोर. "हे काय लिहिलंयस, पोरी? वाचणाऱ्यानं तुझं काय घोडं मारलंय?" आणि शेवटी न चुकता, "जेवलीस का?" माझ्या वडिलांनी मला हा प्रश्न शेवटचा कधी विचारला होता ते मला आठवत नाही.

रविवारी त्यांनी लिहिलं होतं, "उद्या बसून तुझं मूल्यमापन लिहितो. जेवलीस का?"

सोमवारी मी काम पाठवलं. लगेच उत्तर आलं, "धन्यवाद, बघतो." हे नेहमीचंच. आधी हे यायचं, मग झापणं यायचं. त्या दिवशी झापणं आलं नाही. मंगळवारी पुन्हा पाठवलं. "धन्यवाद, बघतो." पुढे काही नाही. मी खासगीत विचारलं, काका, माझं काही चुकलं का? ते तर त्यांनी वाचलंसुद्धा नाही.

खरं सांगते, पहिली भीती मला माझीच वाटली. शुक्रवारपर्यंत त्यांनी तो एक शब्द लिहिला नाही, तर नियमाप्रमाणे मी आपोआप नापास. भत्त्याच्या भरवशावर मी दुकानातली दुपारची पाळी सोडली होती. मालकीणबाईंनी माझ्या जागी दुसरी मुलगीही घेतली होती.

मी ग्रुपवर विचारलं, चहादाणींना कुणी पाहिलंय का?

"पाहिलंय म्हणजे? हा बघ, आत्ता दहा मिनिटांपूर्वी काम करून गेला माणूस!" एकानं लिहिलं.

दुसऱ्यानं लिहिलं, "निंग, तुझा मार्गदर्शक तुला टाळतोय. घाबरून जाऊ नकोस. म्हणजे, थोडी घाबर."

त्यावर हसऱ्या इमोजींची रांग लागली.

आमच्याकडे प्रत्येकाच्या नावाचं एक पान असतं. त्या माणसानं आज काय काय काम केलं ते तिथे हिरव्या चौकोनांत दिसतं. जितकं काम जास्त तितका हिरवा रंग गडद. आम्ही एकमेकांना भेटत नाही, फोन करत नाही, कुणाचा चेहरा कसा आहे ते माहीत नसतं. हिरवं दिसलं म्हणजे माणूस आहे. चहादाणींचं पान गर्द हिरवं होतं. मला हायसं वाटलं. वाटलं, असू दे, रागावले असतील.

बुधवारी सकाळी कुठल्यातरी परक्या माणसानं येऊन लोपानवर घाण टाकली. कामाच्या जागी नुसतीच शिवीगाळ पाठवली : तुमची भाषा मेलेली आहे, तुम्ही सगळे भंगारवाले, बंद करा हे दुकान. आणि त्याच्याखाली लगेच चहादाणींचं उत्तर : "धन्यवाद, बघतो."

ग्रुप खुशीत आला. "काय थंड डोकं आहे म्हाताऱ्याचं!" "याला म्हणतात संस्कार!"

मीही हसले. धिरडं उलटता उलटता हसले. आणि उलथनं माझ्या हातात तसंच राहिलं. कारण चहादाणी थंड डोक्याचे नव्हते. लोपानला कुणी नुसतं हळू म्हटलं तरी ते तीन पानं लिहून त्याला लोळवायचे.

दुकानाच्या मागे, गॅसच्या टाक्यांपाशी उभी राहून मी त्यांचं पान नीट उघडलं. ते हिरवे चौकोन एकेक करून फोडले. दर तासाला एक काम. दिवसाही आणि रात्रीही, पहाटेसुद्धा, तासाच्या त्याच मिनिटाला. कामं तरी काय? तारखा ताज्या करणं, आकडा एकानं वाढवणं. माणूस झोपतो. माणूस मुतायला उठतो. माणसाची चूक होते. इथे सोमवारपासून एकही चूक नव्हती.

मग मी त्यांनी स्वतःसाठी लिहून ठेवलेल्या बारक्यासारक्या प्रोग्रॅमांचं भांडार चाळलं. सगळं उघड्यावरच असतं आमचं. तो सापडला. घरातल्या कॉम्प्युटरवर चालणारा एक छोटा प्रोग्रॅम. कुणीही काही पाठवलं की चहादाणींच्या नावानं आभार मानायचे, आणि दर तासाला झाडलोट करायची, तीही त्यांच्याच नावानं. वर त्यांनी टीप लिहिली होती : एका नव्या मुलाला उत्तर द्यायला मला दोन दिवस लागले, तो वाट बघून निघून गेला. पुन्हा असं व्हायला नको.

म्हणजे चहादाणी रविवारपासून नव्हते. त्यांचं यंत्र होतं.

मी तिथेच बसले. ऑगस्टच्या उकाड्यात, गॅसच्या टाक्यांपाशी.

मंडळाची सचिव मो वेन-छी हिला मी फोन लावला. आमच्यात पगार घेणारी ती एकटीच.

"वेन-छी ताई, मला थांग काकांचा पत्ता हवाय."

"कोण थांग काका?"

"चहादाणी. यो शी-थांग."

"अगं, त्यांचं खरं नाव तुला कुणी सांगितलं?" तिला पहिली काळजी ही वाटली.

उन्हाळ्याच्या सुरुवातीला काकांनी मला त्यांचा जुना कीबोर्ड पाठवला होता. आमच्याकडे पार्सल घरी पाठवत नाहीत. तुम्ही तुमच्या कोपऱ्यावरच्या चोवीस तास उघड्या दुकानात द्यायचं, मी माझ्या कोपऱ्यावरच्या दुकानातून घ्यायचं. कुणाला कुणाचं घर कळत नाही. पण चिठ्ठीवर पाठवणाऱ्याचं खरं नाव लागतं, आणि दुकानाचं. कीलुंग बंदर, देवळाच्या मागच्या चढावरचं दुकान. एवढंच मला माहीत होतं.

मी तिला यंत्राचं सांगितलं. ती ऐकत होती, आणि मागे तिच्या पंख्याचा आवाज येत होता.

"पत्ता आहे गं माझ्याकडे," ती म्हणाली. "पण मला देता येत नाही. कायदा आहे. मंडळाची मंजुरी लागते."

"मग घ्या मंजुरी."

"मांडते ना. हरकतींसाठी तीन दिवस ठेवावे लागतील. नियम आहे आपला."

"ताई, माणूस पडला असेल तिथे."

"निंग, तू घाबरलीयेस. शुक्रवार जवळ आलाय, समजतं मला."

तिनं खरंच मांडलं. आमच्याकडे नियम बदलायचे असोत की भाषा, प्रस्ताव त्याच एका जागी टाकायचा असतो, जिथे आम्ही काम पाठवतो. 'एका मार्गदर्शकाचा पत्ता पोलिसांना देण्याबाबत.' आणि माणसं तुटून पडली. माझा विरोध, माणसाला सुटी घ्यायचा हक्क आहे. माझा पाठिंबा, पण 'पोलीस' हा शब्द काढून 'योग्य यंत्रणा' असा घालावा. मार्गदर्शकांना आधी विचारलं का? आज एकाचा पत्ता दिला, उद्या माझा देतील. आमची वागणुकीची नियमावली एवढी लांब आहे की तिला अनुक्रमणिका आहे. कुणाला कसं संबोधावं, कुणाची थट्टा कशावरून करू नये, सगळं आहे त्यात. माणूस घरात मरून पडला तर कुणी दार वाजवायचं, ते तेवढं नाही.

आणि मग त्या प्रस्तावाखाली उत्तर उमटलं. चहादाणी : "धन्यवाद, बघतो."

"घ्या! ते स्वतःच आले."

"विषय मिटला. बंद करा हे."

मी लिहिलं, ते यंत्र आहे. मोठ्या अक्षरांत लिहिलं. प्रोग्रॅम त्यांच्यापुढे टाकला. एकानं उत्तर दिलं, "यंत्र आहे म्हणून माणूस नाही, हे सिद्ध होत नाही." आणखी एकानं, ज्याच्या हाताखाली तिघेजण शिकतात, त्यानं लिहिलं, "मूल्यमापनाच्या आठवड्यात मुलं काय काय शोधून काढतात, दरवर्षी बघतो मी."

प्रस्ताव बंद झाला.

पोलिसांना फोन केला. पत्ता? नाही. फोन नंबर? नाही. तुम्ही कोण त्यांच्या? विद्यार्थिनी. कुठल्या शाळेत शिकवतात? शाळेत नाही. मग मिस, तुम्ही तिथे गेलात आणि काही संशयास्पद दिसलं, तर तिथून फोन करा.

गुरुवारी दुपारी मी कीलुंगच्या गाडीत बसले. मोठी शूर होते म्हणून गेले नाही. रस्ताभर मला वाटत होतं की दार उघडेल, ते बनियनवर उभे असतील आणि म्हणतील, पास करून घ्यायला आलीस का घरापर्यंत? मग माझं लोपानमधलं तोंड कायमचं काळं. आणि त्याच वेळी मला वाटत होतं की असंच होऊ दे. बनियनवर उभे असू देत.

दुकानातल्या मुलानं खांदे उडवले. "ताई, रोज शंभर माणसं पार्सल देतात." मी बाहेर कट्ट्यावर बसून राहिले. चांद्र पंचांगातला सातवा महिना चालू होता, भुतांचा. दारादारांपुढे टेबलं मांडली होती, फळं, बिस्किटांचे पुडे, उदबत्त्या. लोखंडी पिंपांत कागदी नोटा जळत होत्या. राख माझ्या केसांत येऊन बसत होती. आमच्याकडे या महिन्यात मेलेली माणसं मोकळी सुटतात. मी असलं काही मानत नाही. पण त्या दिवशी मी कुणाच्या डोळ्याला डोळा भिडवत नव्हते.

मग कचऱ्याची गाडी गाणं वाजवत चढ चढू लागली, आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. गाडी आली की गल्लीतल्या एकूणएक घरानं पिशवी घेऊन खाली यायचंच असतं. कचरा बाहेर ठेवून चालत नाही.

माणसं स्लिपरा फटफटवत खाली आली. मी रांगेपुढे उभी राहून ओरडले, "यो शी-थांग! यो शी-थांग यांना कुणी ओळखतं का?"

कुणीतरी मागून माझ्या तोंडावर हात ठेवला. हाताला लसणाचा वास. "वेड लागलं का तुला? या महिन्यात पूर्ण नाव घेऊन हाका मारतेस? ज्यांनी ऐकू नये ते ऐकतील!"

त्या वेई मावशी. केस कुरळे केलेले, एका हातात कचरा, दुसऱ्यात शिळ्या अन्नाची बादली.

"तू कोण शी-थांगची?"

"विद्यार्थिनी."

"त्याची? तो शिकवतो? काय शिकवतो, फुकट बडबड करायला?" त्या हसल्या. आजूबाजूचेही हसले. "बंदरावर क्रेनच्या खोलीत होता जन्मभर. आता घरात बसून टकटक करतो."

"मावशी, ते कचरा टाकायला कधी आले होते?"

त्यांनी हसू आवरलं. रांगेत मागे वळून बघितलं. मागच्यानं त्याच्या मागच्याकडे बघितलं.

"परवा आला होता ना?"

"परवा मी होतो. नव्हता आला."

"लेकीकडे गेला असेल कॅनडाला."

"छे, घरातच आहे," वेई मावशी म्हणाल्या. "आमची भिंत एक. रात्रंदिवस त्याचा पंखा ऐकू येतो मला. कधी घूं घूं, कधी मोठ्यानं. म्हटलं आहे घरात, पंख्याखाली बसलाय..."

"तो पंखा कॉम्प्युटरचा आहे, मावशी."

त्यांच्या हातातली बादली हळूच खाली टेकली. गाडी गाणं वाजवत पुढे गेली. वेई मावशींची कचऱ्याची पिशवी तशीच त्यांच्या हातात राहिली, आणि त्या जिना चढायला लागल्या. मी मागोमाग.

चौथ्या मजल्यावर लोखंडी दार होतं, आत दुसरं दार. वर जाळीची काच. काचेवर आतून हिरवा उजेड लुकलुकत होता. घंटी वाजवली. आत वाजलेली ऐकू आली. पंखाही ऐकू येत होता. मी नाक दाराच्या फटीजवळ नेलं आणि चटका बसल्यासारखं मागे घेतलं. मला कळून घ्यायचं नव्हतं.

"शी-थांग!" मावशींनी हाक मारली, आणि स्वतःच दचकून छातीवर हात ठेवला. आत काही हललं नाही.

मी तिथूनच पोलिसांना फोन केला. एक कोवळा शिपाई आला, घामानं निथळत. मावशींनी कुलूपवाल्याला बोलावलं. तो आला, दार बघितलं, आणि जिन्यातच उभा राहिला.

"या महिन्यात मी असली दारं उघडत नाही. बायकोला वचन दिलंय."

"असली म्हणजे कसली? आत माझा शेजारी आहे!" मावशींनी घरात जाऊन पैसे घातलेलं लाल पाकीट आणलं आणि त्याच्या खिशात कोंबलं. "हे घे, अपशकुनाचे. आता चालव हात."

त्यानं ड्रिल काढलं. शिपाई मला म्हणाला, "मिस, तो ग्रुप दाखवा जरा. मला वर कळवावं लागेल." मी फोन त्याच्या हातात दिला. त्यानं वाचलं. त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"हे काय? यो साहेबांचं नाव हेच ना, चहादाणी? त्यांनी तर आत्ता लिहिलंय. या मिनिटाला. 'धन्यवाद, बघतो.'"

दूर कुठेतरी कुणीतरी काहीतरी पाठवलं होतं. मला तो माणूस हातात सापडायला हवा होता.

कुलूपवाल्यानं ड्रिल खाली घेतलं. "अरे वा! आत माणूस बसून टाइप करतोय, आणि मी त्याचं कुलूप फोडू? उद्या कोर्टात कोण उभं राहणार, तुम्ही?"

"मग दार का उघडत नाही तो?" मावशी म्हणाल्या, पण त्यांचाही आवाज बसला होता. "शी-थांग, रुसलास का रे कुणावर?"

"ते यंत्र आहे," मी म्हणाले.

"मिस, मला दिसतंय ते मला दिसतंय," शिपाई म्हणाला. "माणूस ऑनलाइन आहे."

तीन दिवस मी हेच वाक्य ऐकत होते. मंडळाकडून ऐकलं, शिकलेल्या लोकांकडून ऐकलं. आता जिन्यात, दारापासून हातभर अंतरावर, मी तेच ऐकत होते, आणि ते दोघे खाली जाणार होते. मला रडू फुटलं नाही. फुटलं असतं तर बरं झालं असतं. मी शिपायाच्या हातातून फोन ओढून घेतला. घाईत दोनदा चुकीचं अक्षर पडलं. कामाच्या जागी, जिथे कोड टाकायचा तिथे, मी लिहिलं : काका, दार उघडा. आणि पाठवलं.

"आता ऐका," मी म्हटलं.

सगळे दाराकडे वळले. आत पंखा एकाएकी चढला, घूं करून, आणि उतरला. माझा फोन वाजला. मी तो त्यांच्यापुढे धरला.

धन्यवाद, बघतो.

दाराकडे कुणी आलं नाही.

मी पुन्हा लिहिलं. या वेळी शिपाई माझ्या खांद्यावरून वाचत होता. काका, तुम्ही मेलात का?

पंखा चढला. उतरला.

"धन्यवाद," शिपायानं वाचलं, आणि पुढचा शब्द त्यानं वाचला नाही.

वेई मावशींनी हात जोडले. कुलूपवाला गुडघ्यांवर बसला आणि त्यानं ड्रिल चालू केलं.

लोखंडी दार गेलं. आतलं दार गेलं. हवा आली, तुंबलेली, मुताची. मावशी "अरे देवा" म्हणून भिंतीला टेकल्या. शिपायानं मला थांबायला सांगितलं. मी थांबले नाही. टेबलावर कॉम्प्युटर हिरवा लुकलुकत होता, शेजारी भाताचा डबा, झाकण अर्धं उघडं. कोपऱ्यात न्हाणीचं दार. उंबऱ्यावर एक पाय, वाकडा, उघडा.

ते न्हाणीत आडवे होते. एक गाल फरशीवर. डोळे उघडे होते आणि माझ्याकडे बघत नव्हते. मला वाटलं, संपलं.

मग डोळा हलला.

"आहेत!" मी किंचाळले. "आहेत, आहेत!"

न्हाणीचा नळ थेंब थेंब गळत होता. खाली एक टॉवेल, ओला. तो त्यांनी बऱ्या हातानं तोंडाकडे ओढला असणार. तोंडाची एक बाजू मेणासारखी खाली ओघळली होती, ओठ फुटले होते. मी फरशीवर बसून तो हात धरला. कधीच न भेटलेल्या माणसाचा हात. वाळका, गार. "काका, मी निंग." त्यांनी घशातून काहीतरी आवाज काढला. शब्द नव्हता. पुन्हा काढला. मी मान हलवत राहिले, जणू मला कळतंय.

इस्पितळात त्यांना आत नेलं आणि काचेचं दार मिटलं. नर्सनं विचारलं, नातेवाईक? मी म्हटलं, नाही. मग कुणाला तरी बोलवा, सह्या लागतील, डॉक्टर म्हणतायत वेळ नाही. वेई मावशींकडे लेकीचा नंबर नव्हता. "कॅनडात आहे एवढंच माहीत गं. शेजारी शेजारी राहतो, नंबर कशाला लागतो?" असं म्हणून त्या रडायला लागल्या. कचऱ्याची पिशवी अजून त्यांच्या पायाशी होती.

वेन-छी ताईचाच फोन आला. "निंग, तू तिकडे गेलीस असं ग्रुपवर कुणीतरी लिहिलंय. अगं, मंडळाची परवानगी नसताना..."

"ताई, ते न्हाणीत पडले होते. सोमवारपासून असतील."

तिनं तिकडे पंखा बंद केला. मी विचारलं,

"मार्गदर्शकांच्या फॉर्मवर एक रकाना असतो ना? तातडीच्या वेळी कुणाला कळवायचं तो?"

"असतो," ती म्हणाली. फार हळू.

"तो तुम्ही कधी उघडता?"

"आजवर कधी... निंग, मला अध्यक्षांना विचारू दे. दोन मिनिटं दे मला."

"ताई, वेळ नाही म्हणतायत डॉक्टर. वेळ नाही."

तिच्या श्वासाचा आवाज मला ऐकू येत होता. ती घाबरली होती. तिची ती एकच नोकरी होती आणि मंडळात नऊ माणसं तिच्यावर बसलेली. मला तिची कीव करायला तेव्हा सवड नव्हती, आणि आताही फारशी नाही. मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला, किल्ल्या टकटकल्या, आणि तिनं एकेक आकडा वाचून दाखवला. मी तो वेई मावशींच्या तळहातावर पेनानं लिहून घेतला.

"मी दिला असं कुठे लिहू नकोस हं," ती म्हणाली.

"नाही लिहिणार."

"आणि निंग... उद्या मूल्यमापन आहे. त्याचं काय करू मी?"

मी फोन ठेवला.

मावशींच्या तळहातावरचे आकडे घामानं पसरायच्या आत मी नंबर दाबला. त्या काचेकडे बघत होत्या, हात माझ्यापुढे पसरून. आत दोन नर्स पळत एका बाजूला गेल्या. कुठल्या खाटेकडे, ते दिसलं नाही. पलीकडे घंटी वाजत होती. तिथे सकाळ असेल. उचलू नये असं मला वाटलं, आणि न उचललं तर काय, असंही वाटलं.

"हॅलो?" झोपेतला बाईचा आवाज. "कोण?"

"तुम्ही मला ओळखत नाही. मी तैवानहून बोलतेय. तुमच्या बाबांची विद्यार्थिनी."

"बाबांची विद्यार्थिनी? बाबा कुणाला शिकवतात?" आणि मग झोप उडालेल्या आवाजात, "काय झालं? बाबांना काय झालं?"

"जिवंत आहेत," मी म्हटलं. "आधी तेवढं ऐकून घ्या. जिवंत आहेत."

हे बोलताना मी काचेच्या दाराला नाक लावून उभी होते. ते अजून खरं आहे का, तेच बघत होते.